लस टोचून घेतली, तरी कावीळ कशी?

मोगरी | ६ जुलै, रात्री १०:४०

गेले दहा दिवस डोके चालत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी लेक १९ वर्षांची, होस्टेलला असते. जूनच्या सुरुवातीला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला कावीळ झाली. ७ जूनला त्या मुलीचे डोळे पिवळे दिसले आणि घरचे येऊन तिला घेऊन गेले. लेकीचा फोन आला तसे आम्ही नवरा-बायको हादरलो. १२ जूनला तिला गोव्यात डिचोलीला घरी आणले आणि थेट नेऊन हेपटायटिस एची लस टोचून घेतली. तिथे गेलोच आहोत तर आम्ही दोघांनी आणि धाकट्यानेही घेतली. चौघांचे बिल किती झाले ते लिहीत नाही, सासूबाई अजून विचारताहेत.

२३ जूनला लेकीला ताप आला, उलट्या सुरू झाल्या, अन्नावरची वासनाच उडाली. हुमणाला (माशांच्या आमटीला) फोडणी बसली की ही नाक दाबून गॅलरीत. आम्हाला वाटले पावसाळी ताप. २८ला सकाळी तोंड धुऊन खिडकीपाशी उभी राहिली आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. डोळ्यांना कोणी हळदीचे बोट लावावे तसे दिसत होते. रक्ताचा रिपोर्ट: बिलिरुबिन ७.२, एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा आकडा) १८४०, एचएव्ही आयजीएम (हेपटायटिस एच्या ताज्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. म्हणजे ज्याची लस घेतली तीच कावीळ, लस घेतल्यावर सोळाव्या दिवशी!

जिथे लस दिली तिथे जाऊन विचारले. "कधी कधी नाही लागत लस," एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतले. नाही लागत म्हणजे काय? औषध खराब होते? आमच्या मुलीच्या अंगातच काही कमी आहे? मग आम्ही तिघांनी घेतलेली तरी लागली आहे की नाही? सासूबाईंचे ठाम मत आहे की लशीनेच कावीळ अंगात घातली. कोणाला खरेच माहीत असेल तर सांगा. धीराचे शब्द आता पुरे झाले आहेत.

तिखटमीठ | ६ जुलै, रात्री ११:०५

मोगरीताई, लेकीची काळजी घ्या. बाकी "कधी कधी नाही लागत" हे उत्तर आमच्याकडे वीज, नळ आणि नेटवर्क तिन्हींना चालते.

उलटतपासणी | ६ जुलै, रात्री ११:३१

यात हसण्यासारखे काही नाही. पैसे घेऊन लस दिली, सोळा दिवसांत तोच आजार झाला. लशीच्या खोक्यावरचा बॅच नंबर, बिल, रिपोर्ट सगळे जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपल्या लोकांना जाब विचारायची सवयच नाही.

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, सकाळी ६:५०

वकीलसाहेब, थोडे थांबा. तीस वर्षे प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या हलवल्या आहेत, आता निवृत्त होऊन म्हापशाला असतो. तक्रार लिहायच्या आधी एक कॅलेंडर घ्या.

हेपटायटिस एचा विषाणू पोटात गेल्यापासून आजाराची लक्षणे दिसेपर्यंत कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ५० दिवस जातात. सरासरी २८ धरतात. मुलीला पहिली लक्षणे आली २३ जूनला. तिथून उलटे मोजा. पन्नास दिवस मागे गेलात तर ४ मे येतो. अठ्ठावीस दिवस मागे २६ मे. आणि अगदी घाईघाईने, पंधरा दिवसांत आजार उमटला असे धरले तरी ८ जूनच्या पुढे येता येत नाही.

लस टोचली १२ जूनला.

म्हणजे सुई आत गेली तेव्हा विषाणू आधीच आत होता आणि यकृतात त्याचे काम सुरू झाले होते. लस लागली नाही असे यात म्हणताच येत नाही. तिला पोचायला उशीर झाला. लस घेतल्यावर अंगात पुरेशी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, तो वेळच तिला मिळाला नाही.

दुसरे, या आजारात माणूस पिवळा दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतो, शौचावाटे. खोलीतली मैत्रीण ७ जूनला पिवळी दिसली, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ती पसरवत असणार, आणि तेव्हा तिला स्वतःलाही पत्ता नव्हता. एक न्हाणीघर, एक नळ, एक बाटली. आपण डोळे पिवळे दिसल्यावर पळापळ करतो, तोवर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

मोगरी | ७ जुलै, सकाळी ८:१५

सूक्ष्मदर्शीकाका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि मग भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढले. तारखा बरोबर येतात. काल रात्रभर मी त्या दवाखान्याला शिव्या घालत होते.

आता लेक एक आठवण सांगते आहे. ११ मेला त्या दोघी एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या. उन्हाने जीव चाललेला, तिथे कोकम सरबत होते, वर बर्फाचा चुरा. दोघींनी तीन-तीन ग्लास प्यायले. मैत्रिणीला मळमळ सुरू झाली २ जूनच्या सुमारास. याचा काही संबंध?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, सकाळी ८:४२

मैत्रिणीच्या २ जूनपासून मागे मोजले तर १३ एप्रिल ते १८ मे. तुमच्या मुलीचे ४ मे ते ८ जून. दोन्हींत सापडणारा काळ ४ ते १८ मे, आणि ११ मे बरोबर मध्ये बसतो. सरबतावर आरोपपत्र ठेवत नाही, पण दोघींना एकाच ठिकाणी लागण झाली असणे शक्य आहे. बर्फात हा विषाणू मरत नाही, उलट छान टिकतो. तसे असेल तर १२ जूनला लागण होऊन महिना उलटून गेला होता.

काविळीच्या रोग्याशी संबंध आला तर लस घेऊ नये, असा मात्र याचा अर्थ काढू नका. संबंध आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घेतली तर ती बहुतेकांना वाचवते. कझाकस्तानात अल्माटी शहरात हे पाहिले गेले, २००७ साली प्रसिद्ध झाले. रोग्याच्या घरातल्या आणि संबंधातल्या २ ते ४० वर्षांच्या लोकांना दोन आठवड्यांच्या आत लस दिली, तरी ४.४ टक्के लोकांना आजार झालाच. ज्यांना तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले त्यांच्यातही ३.३ टक्के लोकांना झाला. वेळेत घेऊनही शर्यत थोडेजण हरतात, ते असे.

उलटतपासणी | ७ जुलै, सकाळी ११:२०

तारखांचा मुद्दा मान्य. पण एक प्रश्न राहतो. आयजीएम पॉझिटिव्ह हा लशीचाच परिणाम नसेल कशावरून? शरीर लशीला उत्तर देणार म्हणजे आयजीएम तयार करणारच ना? मग मोगरीताईंच्या सासूबाईंचे म्हणणे अगदीच टाकाऊ कसे?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, दुपारी १२:०५

चांगला प्रश्न. लस घेतल्यावर काही लोकांत थोडे दिवस आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकते, हे खरे. म्हणूनच नुकतीच लस घेतलेल्या धडधाकट माणसाची ही तपासणी उगाच करू नये. पण एसजीपीटी १८४० लशीने होत नाही. या मुलीला दोन डोसांची लस दिली असणार, त्यातला विषाणू फॉर्मेलिनने मारलेला असतो. मेलेला विषाणू यकृतात वाढत नाही. सासूबाईंना सांगा, मेलेल्या विंचवाने नांगी मारली असे कोणी म्हणाले तर तुम्ही त्याला आधी काय विचाराल?

एक वेगळी, एकाच डोसाची लसही मिळते. तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, चीनमधल्या एच-२ वाणाचा. घरच्या कागदावर कुठली लिहिली आहे ते बघा.

मोगरी | ७ जुलै, दुपारी १२:३०

दोन डोसांचीच आहे. दुसरा डिसेंबरात सांगितला आहे. विंचवाचा दाखला सासूबाईंना ऐकवला. "तुझ्या त्या म्हापशाच्या काकांना विंचू कधी चावलेला दिसत नाही," म्हणाल्या.

अबोली_सुरंगी | ७ जुलै, दुपारी ३:१०

आमच्याकडे तर याहून वाईट. मुलाला लहानपणी काविळीची लस दिली होती, तीन डोस, सरकारी कार्डावर शिक्के आहेत. तरी बारावीच्या वर्षी कावीळ, दीड महिना घरी. तेव्हापासून लसबिस सगळे थोतांड वाटते मला. इथे बसतील तारखा?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, दुपारी ३:३५

बाय, कार्डावर "हेप बी" लिहिले आहे का बघा. किंवा पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस.

अबोली_सुरंगी | ७ जुलै, दुपारी ४:०२

हेप बी १, २, ३ असे आहे. म्हणजे?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, दुपारी ४:४०

म्हणजे लशीने तिचे काम चोख केले, तुम्ही तिच्याकडे शेजारणीच्या कामाचा हिशेब मागताय.

हा घोळ माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी यायचा आणि माझ्या मते "लस घेऊनही कावीळ"च्या गोष्टींतला सर्वांत मोठा वाटा याचाच आहे. आपण मराठीत सगळ्यालाच कावीळ म्हणतो. ए, बी, सी, ई हे वेगवेगळे विषाणू आहेत, एकमेकांचे चुलतभाऊसुद्धा नाहीत. बी म्हणजे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात ती, रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जाणारी. तिची लस सरकारी लसीकरणात आहे, २०११पासून देशभर. ए ही खाण्यापिण्यातून येणारी. तिची लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही, खासगीत पैसे मोजून घ्यावी लागते. तुमच्या मुलाला एची लस कधी मिळालीच नव्हती.

नर्सबाई "काविळीची लस" म्हणतात, आई तेच लक्षात ठेवते, वीस वर्षांनी डॉक्टर विचारतो तेव्हा घरचे छातीठोकपणे "दिली आहे" सांगतात. एक अक्षर कोणी विचारत नाही.

अबोली_सुरंगी | ७ जुलै, दुपारी ४:५५

अठरा वर्षे मी हे लोकांना सांगत फिरले. जाऊ दे. धाकटीसाठी उद्याच विचारते.

वारखंडकर | ७ जुलै, सायं. ६:२०

वाचनखूण साठवली.

आखाती_गोंयकार | ७ जुलै, सायं. ७:४८

दुबईहून लिहितोय. माझ्या बाबांचे काय? आम्ही दोघा भावांनी हट्टाने त्यांना एचे दोन्ही डोस दिले, सहा महिन्यांच्या अंतराने, ए म्हणजे एच, मी स्वतः खोके पाहिले. दोन वर्षांनी गणपतीला गावी आलो तर बाबा पिवळे. चवथीचे पाच दिवस घरात नेवऱ्यांच्या डब्याला कोणी हात लावला नाही. डॉक्टरांनी "पाण्याची कावीळ" सांगितले, आम्ही धरून चाललो की लस फुकट गेली.

डॉ_आडवाट | ७ जुलै, रात्री ९:३०

बाबांची ई तपासली होती का? आपल्याकडे मोठ्या माणसांत "पाण्याची कावीळ" म्हटले की पहिला संशय ईवर जायला हवा. रस्ता तोच, घाण पाण्याचा. लक्षणे तीच. एची लस ईपासून तसूभरही वाचवत नाही. ईची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, आपल्या दवाखान्यांत ती मिळत नाही.

ही गल्लत घराघरातच होते असे नाही, देशपातळीवर झाली आहे. १९५५च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पुरानंतर नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे वळले. जवळजवळ २९,००० लोक पिवळे पडले, गरोदर बायका मोठ्या प्रमाणात दगावल्या. त्या काळी पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे एच, असे पक्के ठरलेले. रोग्यांचे जपून ठेवलेले रक्त १९८०च्या सुमारास नव्या चाचण्यांनी तपासले तेव्हा कळले की त्या लोकांत एची जुनी प्रतिकारशक्ती आधीच होती. एने त्यांना पुन्हा धरलेच नव्हते, तो दुसराच विषाणू होता. त्यालाच पुढे ई नाव मिळाले.

पावसाळ्यात भातशेतीत काम करणाऱ्याला कावीळ आणि ताप एकत्र असेल तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात ठेवा. तो तर विषाणूही नाही, जिवाणू आहे आणि त्याला वेगळे औषध आहे.

आखाती_गोंयकार | ७ जुलै, रात्री ९:५२

भावाने फाइल काढून फोटो पाठवला. एचईव्ही आयजीएम पॉझिटिव्ह. एचएव्ही निगेटिव्ह. चार वर्षे कागद घरातच होता. देव बरें करूं, डॉक्टर.

तिखटमीठ | ७ जुलै, रात्री १०:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संधिकाल | ८ जुलै, सकाळी ७:२५

मला वाटले होते इथे सगळ्या लशी निर्दोष सुटणार. आता माझे ऐका, कारण मला खरेच लागली नव्हती.

मडगावला राहते, वय ४४. आयडीवरून ओळखले असेलच, सांधेवात आहे, आमवातातला जुना पापी. अकरा वर्षे मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेते, दर रविवारी, आमच्याकडे त्याला रविवारची गोळी म्हणतात. लेकाबरोबर प्रवासाला जायचे म्हणून एचा एक डोस घेतला, अडीच महिन्यांनी परत आले, परतल्यावर आणखी तीन महिन्यांनी कावीळ. तारखा, अक्षर, रिपोर्ट, सगळे तपासून झाले आहे. एच होती. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी तेव्हा कपाळावर हात मारला. लस घेताना मी कोणाला गोळीबद्दल बोललेच नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. काविळीत गोळी बंद, सांधे पुन्हा धरले, सकाळी नळ उघडता येईना. कावीळ बरी झाली, हाताची मूठ वळायला सहा महिने लागले.

डॉ_आडवाट | ८ जुलै, सकाळी ८:१०

संधिकाल, तुमचे उदाहरण या धाग्यातले पहिले खरे अपयश. स्वीडनमध्ये तुमच्यासारख्याच रुग्णांवर, मेथोट्रेक्सेट किंवा टीएनएफ (सूज वाढवणारे प्रथिन) रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्या प्रवाशांवर, अभ्यास झाला आहे. एका डोसानंतर महिन्याने दहांतल्या एकाच्याच रक्तात पुरेशी प्रतिपिंडे सापडली, सहा महिन्यांनी तिघांतल्या एकात. दुसऱ्या डोसानंतर मात्र बहुसंख्य लोक सुरक्षित पातळीवर गेले. धडधाकट माणसांत हेच प्रमाण पहिल्या डोसानंतर महिन्याभरात ९५ टक्क्यांच्या आसपास असते आणि दुसऱ्यानंतर शंभराला टेकते.

अवयव बदललेले, एचआयव्हीमुळे सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खूप खाली गेलेले, यकृत आधीच निकामी होत आलेले, यांच्यातही प्रतिसाद कमी. वय आणि लठ्ठपणा थोडा फरक पाडतात. अगदी तान्ह्या बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडे लशीच्या आड येतात, म्हणून ती वर्षाच्या आत देत नाहीत.

आणि निरोगी लोकांतही पूर्ण शंभर म्हणू नका. थायलंडमध्ये सुमारे ४०,००० मुलांवर चाचणी झाली, १९९४ साली प्रसिद्ध झाली. दोन डोसांनी ९४ टक्के संरक्षण दिसले.

उलटतपासणी | ८ जुलै, सकाळी ९:००

म्हणजे "कधी कधी नाही लागत" हे उत्तर शेवटी खरेच निघाले. फक्त मोगरीताईंच्या बाबतीत ते चुकीचे होते. माझी तक्रार मागे घेतो, पण गोळीबद्दल न विचारणाऱ्यावरचा राग मागे घेत नाही.

वाळपईचा_फार्मासिस्ट | ८ जुलै, दुपारी २:१५

सगळे पेशंटच्या अंगाबद्दल बोलताय, बाटलीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. गुन्हा माझाच आहे.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते हे सगळ्यांना पाठ. लोकांना वाटते धोका उष्णतेचा. सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात लाइट गेली की तीन-चार तास येत नाही, म्हणून मी बर्फाच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठासून ठेवायचो आणि लशीचे खोके त्यांना अगदी टेकवून. मला वाटायचे मी फार काळजी घेतोय. एके दिवशी खोके उघडले तर सिरिंजमधले पाणी गोठून काच झालेले. दोन डोसांच्या लशीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, विषाणूचे कण त्याला चिकटलेले असतात. गोठले की त्याचे गोळे होतात आणि लशीचा जोर जातो. वितळल्यावर पाहिले तर वरवर काही कळत नाही! हलवले तर कापसासारखे तुकडे दिसतात आणि पटकन तळाशी बसतात. चांगली लस हलवली की सारखी दुधट होते आणि बराच वेळ तशीच राहते. शंका असेल तर त्याच बॅचची एक मुद्दाम गोठवून, वितळवून शेजारी धरायची आणि दोन्ही एकदम हलवून बघायच्या.

मी ती सहा खोकी फेकली. दुकानात तेव्हा बायको होती, तिने किंमत मोजून दाखवली. आता फ्रीजमध्ये तापमापक आहे, मधल्या कप्प्यात, सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहितो. दारातल्या कप्प्यात लस ठेवत नाही, तिथे माझी ताकाची बाटली असते. तुम्ही लस घ्यायला जाल तेव्हा फक्त विचारा, "वही आहे का तापमानाची?" ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

आणखी एक, सुई दंडावरच घ्या. कुल्ल्यावर चरबीत गेली तर लस स्नायूपर्यंत पोचत नाही, परिणाम कमी होतो. काही आजीआजोबा अजून आडवे व्हायला लागतात.

मोगरी | ८ जुलै, दुपारी ३:००

आमच्या चौघांना दंडावरच दिली. वहीचे विचारले नव्हते, विचारून येते.

पण मग नवरा, मी आणि धाकटा यांचे काय? आमची प्रतिपिंडे तपासून घ्यावी का?

सूक्ष्मदर्शी | ८ जुलै, दुपारी ३:४०

नको. बाजारातल्या नेहमीच्या चाचण्या आजारानंतरची भरपूर प्रतिपिंडे पकडायला बनवलेल्या आहेत. लशीने येणारी पातळी त्याहून कमी असते, तरी संरक्षणाला पुरते. चाचणी निगेटिव्ह येईल आणि तुम्ही विनाकारण आणखी दहा दिवस झोपणार नाही. तुम्ही तिघे ठणठणीत आहात, गोळ्या-बिळ्या चालू नाहीत ना? मग डिसेंबरात दुसरा डोस घ्या, विषय संपला. डोसाला उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक डोसही बरेच काम करतो. अर्जेंटिनाने २००५पासून वर्षाच्या सगळ्या मुलांना एकच डोस दिला आणि देशातली ए जवळजवळ आटली.

लेकीला मात्र दुसरा डोस नकोच. तिला आता आयुष्यभराचे संरक्षण मिळाले, जरा महागात पडले इतकेच.

घरात सध्या साबण आणि वाहते पाणी. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूला अल्कोहोल फारसे लागत नाही. न्हाणीघर ब्लीचने धुवा. डोळे पिवळे झाल्यापासून आठवडा होऊन गेला, पसरण्याचा मुख्य काळ सरला.

रापणकार | ८ जुलै, रात्री ८:५०

अवांतर, पण गोव्यात बसून कावीळ ए चर्चेला आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) नाव नाही, हे बरे नव्हे. १९८८च्या सुरुवातीला शांघायमध्ये सुमारे तीन लाख लोकांना ए झाली, कारण काय, तर अर्धकच्च्या शिंपल्या. तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवे ही मंडळी दिवसभर पाणी गाळत बसतात आणि सांडपाण्यातला विषाणू अंगात साठवतात.

आमच्या आईची एकशिपी करायची पद्धत: तिसऱ्या उकळत्या पाण्यात टाकल्या, तोंड उघडले की लगेच काढल्या, नाहीतर मांस चिवट होते. आता वाचतो की तोंड उघडणे म्हणजे शिजणे नव्हे. आतपर्यंत ९० अंश, दीड मिनिट तरी. मी खोबरे-तिरफळ घालून पुन्हा झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ काढतो. चिवट होत नाही. आईला सांगितलेले नाही.

तिखटमीठ | ८ जुलै, रात्री ९:०५

धाग्यातली सर्वांत स्फोटक माहिती शेवटी आली.

मोगरी | ११ जुलै, सायं. ५:३०

परवा सासूबाईंच्या ओळखीचा एक माणूस घरी आला, कावीळ उतरवणारा. लेकीच्या तळहातांना काहीतरी चोळले आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळेजर्द! सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याने गंमत केली, त्या माणसाला म्हणाला, "आता माझी काढा." त्याचेही पाणी तितकेच पिवळे. माणूस चहा न घेता गेला.

डॉ_आडवाट | ११ जुलै, सायं. ६:१०

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार. शंभरातल्या नव्याण्णव जणांची ए आपोआप बरी होते, त्याचे श्रेय चुन्याला जाते. पोटात घ्यायचा कुठलाही पाला मात्र देऊ देऊ नका, यकृत आधीच दमलेले आहे. पॅरासिटामॉलही मनाने नको. बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघा. मुलगी गुंगीत वाटली, असंबद्ध बोलू लागली, झोपेचे वेळापत्रक उलटे झाले तर रात्र असली तरी थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात.

मोगरी | २९ जुलै, रात्री ९:१५

उशिरा लिहिते आहे. आयएनआर पहिल्यापासून नॉर्मल होता. आज बिलिरुबिन १.४, एसजीपीटी ९६. मैत्रीणही बरी आहे, दोघी फोनवर कोणाचे वजन जास्त उतरले यावर भांडत असतात. आज लेकीने स्वतःहून हुमण मागितले, आणि रापणकार, तिसऱ्या मी झाकण ठेवून पाच मिनिटे वाफवल्या. सासूबाई म्हणाल्या चिवट झाल्या. दोन वाट्या संपवून म्हणाल्या.

लस दिली तिथे जाऊन आले. तापमानाची वही विचारली. होती, काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेली, रोज दोन आकडे. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी काही काढले नाही, त्यांनीही नाही. आमच्या तिघांच्या दुसऱ्या डोसाची तारीख कालनिर्णयवर १२ डिसेंबरच्या चौकोनात लिहिली आहे, आणि कंसात लाल पेनाने: ए.